ढिली बॅरल वेगळी, हेडस्पेस वेगळा

जुनी टेकडाउन रायफल (बॅरल सुटी करता येणारी) जोडाशी हलायला लागली की लगेच "हेडस्पेस गेला" (काडतुसाला चेंबरमध्ये मिळणारी जागा बिघडली) म्हणतात, आणि जोड घट्ट केला की "हेडस्पेस सुधारला" म्हणून मोकळे होतात. दोन्ही चूक.

जोडाचा ढिलेपणा तुम्हाला माहीतच आहे: रिसीव्हर (बोल्ट बसतो तो मागचा सांगाडा) धरून बॅरल हलवली की टक् वाजतं, सांध्यावरचं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) घासून चकाकतं. आटे किंवा टेकायचा खांदा झिजलाय, बस. १९१४ पासून एफएन या बेल्जियन कंपनीने बनवलेल्या ब्राउनिंगच्या .२२ ला तर यासाठी खाचांची रिंगच आहे, एकेक खाच फिरवत घट्ट करायची. टेफ्लॉन टेप गुंडाळणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगतो, नका करू, टेप दबते आणि चार गोळ्यांत परत तेच.

हेडस्पेस म्हणजे बोल्टचं (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाचं) तोंड आणि काडतूस चेंबरमध्ये जिथे अडतं ती जागा, यांच्यातलं अंतर. .३०-३० काडतूस रिमवर (बुडाच्या कडेवर) अडतं, .३०० सॅव्हेज खांद्यावर (केस निमुळती होते तिथे). आता खरी मेख अशी की बॅरल आट्यांमध्ये मागेपुढे सरकते, आणि रिंग किंवा शिम (फट भरायची पातळ पट्टी) रिसीव्हरवर टेकून तिला पुढे ढकलते, म्हणजे चेंबर बोल्टपासून लांब जातो. ढिल्या अवस्थेत बॅरल हाताने मागे दाबून गेज (काडतुसाच्या आकाराचं माप) लावलात तर नो-गो गेजवर (ज्यावर बोल्ट बंद होता कामा नये) बोल्ट बंद होत नाही, सगळं छान वाटतं. घट्ट केल्यावर तोच बोल्ट त्याच गेजवर बंद होऊ शकतो! गो (ज्यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा) आणि नो-गोमधला फरक असतो साधारण ०.१ मिमी, शिम जाडीला त्याच्या निम्मी असली तरी तेवढ्यात निम्मी वाट संपते.

म्हणून आधी घट्ट करा, मग मोजा, आणि तेही इजेक्टर-एक्स्ट्रॅक्टर (केस ओढून बाहेर टाकणारे भाग) काढून, बोटांच्या हलक्या जोराने. जोर लावून बोल्ट बंद केला तर गेज काही सांगत नाही.

उडालेली केसही (काडतुसाचं रिकामं कवच) बघा. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) बुडाबाहेर आलेला दिसला, किंवा बुडाच्या थोडं वर चकचकीत कडं उमटलं, तर जोड कितीही घट्ट असो, गोळी झाडणं थांबवा आणि रायफल गनस्मिथकडे न्या. तिथे शिम उपयोगाची नाही. बॅरल मागे बसवून चेंबर नव्याने कापायचं काम आहे ते, आणि ते घरी करायचं नसतं.