सरकारी टेंडर भरताय? आधी पात्रतेचं पान उघडा

टेंडर म्हटलं की नवा उद्योजक लगेच दर काढायला बसतो. पण निविदेचे सहसा दोन लिफाफे असतात: पात्रतेच्या कागदांचा तांत्रिक लिफाफा आणि दराचा वेगळा. तांत्रिक लिफाफ्यात एखादा कागद कमी पडला, तर तो दर कुणी उघडूनही बघत नाही. म्हणून निविदेची कागदपत्रं डाउनलोड केली की आधी पात्रतेच्या अटी वाचा: उलाढाल किती मागितली आहे, तशाच कामाचा अनुभव किती हवा आणि सूट कुणाला आहे.

ही सूट नीट समजून घ्यायला हवी. केंद्राचं सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचं खरेदी धोरण २०१२ पासून आहे. केंद्रीय मंत्रालयं, खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के माल-सेवा या उद्योगांकडून घ्यायच्या असतात. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी, ३ टक्के महिलांसाठी. निविदा अर्जाची फी लागत नाही. बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत भरायची अनामत, जी एरवी अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असते, तीही माफ. आणखी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. समजा सगळ्यात कमी दर एका मोठ्या कंपनीचा, १०० रुपये, आणि तुमचा ११२. तुम्ही १५ टक्क्यांच्या आत आहात, म्हणून १०० ला यायची तयारी दाखवलीत तर कामाचा २५ टक्क्यांपर्यंत वाटा तुम्हाला मिळू शकतो.

मात्र ही सवलत उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे. नुसता माल घेऊन विकणाऱ्याला नाही, मध्यम उद्योगाला नाही, बांधकामाच्या ठेक्यालाही नाही. राज्य सरकार आणि महापालिकांचे नियम वेगळे असतात, तिथे त्या-त्या निविदेत लिहिलंय तेच खरं.

सवलतीसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांची केंद्राकडची नोंदणी, लागते. ती आधार क्रमांकावर ऑनलाइन आणि मोफत होते, एजंटला पैसे द्यायचं काहीच कारण नाही. १ एप्रिल २०२५ पासून २५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग लघु धरला जातो.

बाकी कागद नेहमीचेच: पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, आयकर विवरणपत्रं, ताळेबंद, सीएचा उलाढालीचा दाखला (त्यावर यूडीआयएन, म्हणजे दाखला खरा आहे का ते तपासायचा क्रमांक, हवाच), काम पूर्ण केल्याचे दाखले, काळ्या यादीत नसल्याचं हमीपत्र. सही मालकाची नसेल तर अधिकारपत्र.

केंद्राच्या खात्यांची नेहमीची खरेदी जेम या सरकारी ऑनलाइन बाजारपेठेच्या पोर्टलवर होते. राज्याच्या निविदा महाटेंडर्स या ई-निविदा पोर्टलवर येतात, तिथे क्लास थ्री डिजिटल सही लागते. ती सही ज्या यूएसबी टोकनमध्ये असते, ते स्वतःच्या ताब्यात ठेवा. ते सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये असलं की शेवटच्या दिवशी फोनाफोनी ठरलेली.

महाटेंडर्सवर दराची एक्सेल फाइल पोर्टलवरूनच उतरवायची, रंगवलेल्या चौकटीत आकडे भरायचे आणि त्याच नावाने परत चढवायची. नाव बदललं किंवा एखादी ओळ वाढवली की पोर्टल फाइल घेत नाही. दराचा आकडा चुकूनही तांत्रिक लिफाफ्यात जाऊ देऊ नका, निविदा बाद होते. सगळं चढवल्यावर ‘फ्रीज बिड’ दाबायचं राहिलं तर निविदा भरलीच नाही असं धरलं जातं. घड्याळ सर्व्हरचं चालतं, त्यामुळे आदल्या दिवशीच उरका. शुद्धिपत्रक, म्हणजे निविदेत नंतर केलेला बदल, निघालंय का, तेही त्याआधी बघून घ्या.

काम मिळालं की सुरक्षा ठेव भरावी लागते. बयाणा माफ होता म्हणून ही पण माफ असेल, असं गृहीत धरू नका.

आणि बिलाचं काय? सूक्ष्म-लघु उद्योगाचा पैसा जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावा, असं या उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते. फक्त माल पोचल्याची तारीख आणि शिक्का असलेली पावती जपून ठेवा, ४५ दिवस मोजताना तीच दाखवावी लागते.