कूस बदलताच येणारी चक्कर आणि एप्लीची हालचाल

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली, किंवा पहाटे अंथरुणात कूस बदलली, आणि खोली गरगर फिरली. अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं थांबलं. पुण्यात असे अनेक जण ‘मानेचं दुखणं’ म्हणून गळ्यात पट्टा बांधतात आणि महिनोन्‌महिने चक्करेच्या गोळ्या घेतात. हे वाईट वाटतं, कारण या चक्करेचा, म्हणजे बीपीपीव्हीचा (बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो, डोक्याची स्थिती बदलताच येणारी चक्कर), इलाज एप्लीच्या हालचालीने, म्हणजे डोकं आणि धड ठरावीक क्रमाने वळवून, दहा-पंधरा मिनिटांत तपासणीच्या टेबलावरच होऊ शकतो.

आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. त्यांच्यामुळे गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते. ते जागेवरून सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की डोकं हलताच घरंगळतात आणि नलिकेतला द्रव ओढतात. डोकं स्थिर असूनही मेंदूला फिरल्याचा संदेश जातो. बहुतेक वेळा खडे मागच्या नलिकेत सापडतात, कारण ती सर्वांत खाली असते. तिचं एक टोक पडद्याने बंद असल्यामुळे बाहेर पडायची वाट एकच उरते. गोळी मळमळ कमी करते, खडे हलवत नाही.

आधी कोणत्या बाजूचा कान दोषी आहे ते ठरवायचं. डिक्स-हॉलपाइक चाचणीत रुग्णाला बसवून मान ४५ अंश एका बाजूला वळवतात आणि झटकन आडवं करतात. डोकं टेबलाच्या कडेखाली सुमारे २० अंश लोंबतं. मागची नलिका दोषी असेल, तर काही सेकंदांनी डोळ्यांची बुबुळं वरच्या दिशेने आणि खाली असलेल्या कानाकडे पीळ घेत थरथरतात आणि मिनिटाच्या आत शांत होतात. डोळे मिटले तर निदानच हुकतं, म्हणून कितीही गरगरलं तरी ते उघडे ठेवायचे.

आता एप्लीची हालचाल. अमेरिकन डॉक्टर जॉन एप्ली यांनी ती १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. उजवा कान दोषी धरू. मान उजवीकडे ४५ अंश वळवून आडवं व्हायचं, डोकं लोंबतं. मग डोकं तसंच खाली ठेवून डावीकडे ९० अंश वळवायचं. नंतर मान आणि धड यांचा कोन न बदलता डाव्या कुशीवर वळायचं, इतकं की नाक तिरपं जमिनीकडे येईल. प्रत्येक स्थितीत ३० ते ६० सेकंद, आणि थरथर चालू असेल तर ती थांबेपर्यंत. शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून, पाय डावीकडे सोडत उठून बसायचं. डाव्या कानासाठी सगळं उलट.

फसतं ते बहुतेक घाईने. वेळ पुरता न दिल्यास खडे अर्ध्या वाटेवर राहतात. कुशीवर वळताना डोकं उचललं तर मागे सरकतात. घरी खांद्यांखाली उशी घेण्याऐवजी ती डोक्याखाली घेतली, की मान मागे जातच नाही. कधी खडे आडव्या नलिकेत घुसतात आणि चक्कर एकदम वाढते. तिथे एप्ली चालत नाही. रुग्णाला आडवा ठेवून टप्प्याटप्प्याने पूर्ण फिरवावं लागतं. उठून बसताना काही जण अचानक ढकलल्यासारखे कोसळतात, त्यामुळे खांदे धरायला माणूस हवाच. पहिली वेळ कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडेच व्हावी, आणि त्या दिवशी दुचाकी घरी ठेवावी.

एकदा-दोनदा करून बहुतेकांना आराम पडतो, पण काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्रास परतू शकतो. नंतर दोन रात्री बसून झोपायची जुनी अट आता गरजेची मानत नाहीत. मानेच्या मणक्याचा गंभीर आजार किंवा नुकतीच डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावं. चक्कर थांबतच नसेल, बोलणं अडखळत असेल, एकाचे दोन दिसत असतील, हातापायातली ताकद गेली असेल किंवा उभंच राहता येत नसेल, तर एप्ली करत बसू नये. तो पक्षाघात असू शकतो. १०८ ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.