आधी पाय, मग औषध: बेघरांसाठीच्या विद्यार्थी-दवाखान्यांची पार्श्वभूमी

बॉस्टनमध्ये 1985 साली बेघरांसाठी आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा जिम ओ'कॉनेल हे तरुण डॉक्टर त्यात आले. 'पाइन स्ट्रीट इन' या निवाऱ्यात परिचारिका आधीपासूनच दवाखाना चालवत होत्या. त्यांच्यातल्या बार्बरा मॅकिनिस यांनी ओ'कॉनेल यांना स्टेथोस्कोप बाजूला ठेवून लोकांचे पाय धुवायला बसवलं. रुग्णालयात अपमान सोसलेला माणूस तपासू देत नाही, पण कोमट पाण्यात पाय ठेवून बसला की हळूहळू बोलू लागतो.

वैद्यकीय विद्यार्थी चालवतात त्या दवाखान्यांतही हीच रीत दिसते. 1989 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी 'सूटकेस क्लिनिक' काढलं. तिथेही पाय धुणं हा सेवेचाच भाग आहे. पिट्सबर्गमध्ये 1992 पासून डॉ. जिम विदर्स रात्री पुलांखाली फिरू लागले. सोबत असे माइक सॅलोज, जो स्वतः रस्त्यावर राहिलेला होता. अशा वाटाड्याशिवाय पहिली फेरी काढूच नये, असं आमचं ठाम मत आहे. आपल्याकडे त्याआधीच कोलकात्यात डॉ. जॅक प्रेगर फुटपाथवर रुग्ण तपासत होते.

पाय धुण्याचं काम सोपं वाटतं, पण त्यात चुका होतात. मधुमेह्याच्या पायाला चटका कळत नाही, म्हणून पाणी कोपराने तपासून घ्यावं. उघडी जखम असेल तर पाय बुडवू नये. धुतल्यावर बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या केल्या नाहीत, तर चिखल्या वाढतात. कोरडे मोजे दिल्याशिवाय काम पुरं होत नाही. बर्फाने गोठलेला पाय कधीच चोळू नये. माणूस पुन्हा बर्फातच झोपणार असेल तर तो पाय ऊबही देऊन वितळवू नये, कारण दुसऱ्यांदा गोठल्यावर जास्त नुकसान होतं. आधी निवारा शोधावा.

औषधं लिहिताना पुस्तकी सवय आड येते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी दिली आणि जवळ शौचालयच नसलं, तर माणूस ती सोडून देतो. दोष मात्र त्याच्या माथी येतो. इन्सुलिनची उघडलेली कुपी साधारण 28 दिवस चालते, तीही 30 अंशांच्या आत, आणि तंबूत उन्हाळ्यात तेवढा गारवा राहत नाही. गोळ्या भिजतात, चोरीला जातात. महिन्याऐवजी आठवड्याच्या दिल्या तर नुकसान कमी होतं, आणि पुढच्या आठवड्यात भेटही होते.

निदान आणि औषधाची सही परवानाधारक डॉक्टरचीच लागते. ते आले नाहीत, तर त्या दिवशी मोजे, मलमपट्टी आणि विचारपूस एवढंच करावं. पण ठरल्या जागी, ठरल्या वेळी जावं जरूर. विद्यार्थी-दवाखाने बहुतेकदा परीक्षेच्या हंगामात किंवा जुनी तुकडी पास होऊन गेल्यावर कोलमडतात. म्हणून नव्या तुकडीला निदान दोन-तीन महिने जुन्यांबरोबर फिरवावं, आणि कोण कुठे झोपतो, कुणाची क्षयाची गोळी कितव्या महिन्यात आहे, याची वही जुन्यांनी जाण्याआधी समोर बसून समजावून द्यावी.