फोटो टूरचे अर्थकारण

फोटो टूर म्हणजे अनुभवी छायाचित्रकाराच्या सोबतीने, फोटो काढण्यासाठीच आखलेली सशुल्क सहल. नेहमीच्या सहलीत ठिकाणे भाराभर आणि मुक्काम घाईचा असतो. इथे एकाच पाणवठ्यावर तीन तास बसून राहायची तयारी लागते. हे बसून राहणेच महाग असते. महाराष्ट्रात ताडोबा, भिगवण आणि आंबोली इथल्या फोटो टूर विशेष परिचित आहेत. मराठी छायाचित्रकारांचे गट केनियातील मसाई मारा या अभयारण्याकडेही जातात.

अमेरिकेत निसर्गछायाचित्रकार अँसल ॲडम्स यांनी १९५५ पासून योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात दरवर्षी कार्यशाळा घेतल्या. त्या काळी शिकवणे हा फोटो विकण्याला जोडधंदा होता. पुढे डिजिटल कॅमेरे आले आणि २००० साली सुरू झालेल्या आयस्टॉकफोटोसारख्या संकेतस्थळांवर फोटो अगदी स्वस्तात मिळू लागले. वाघाच्या एका चांगल्या फोटोला मासिकाकडून मिळणारे मानधन आटले, पण तसा फोटो स्वतः काढायची हौस असलेले लोक मात्र वाढले. त्यामुळे अनेक वन्यजीव छायाचित्रकारांची कमाई आता फोटोपेक्षा फोटो काढण्याची संधी विकण्यातून होते.

या व्यवसायाचे सगळे गणित सीटवर चालते. जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, सहा पर्यटक बसू शकतात. पण लांब लेन्स, ती टेकवायची बीनबॅग आणि दोन्ही बाजूंना वळायची मोकळीक हवी, तर तीन-चारच बसवावे लागतात. उदाहरणापुरते आकडे घेऊ. सहा सफाऱ्या, दोन जिप्सी, आणि परवाना, गाडी व गाईड मिळून एका गाडीच्या एका फेरीला ८,००० रुपये धरले, तर ९६,००० रुपये होतात. मेंटॉरचा, म्हणजे सोबतच्या अनुभवी छायाचित्रकाराचा, प्रवास व मुक्काम २४,०००. म्हणजे १,२०,००० रुपयांचा खर्च माणसे कितीही आली तरी ठरलेला. प्रत्येकाच्या राहण्या-जेवणाचे १५,००० आणि शुल्क ४०,००० धरल्यास माणशी २५,००० उरतात. चार जण आले तर २०,००० रुपयांचा तोटा, पाच आले तर जेमतेम ५,००० पदरात, सहा आले तर ३०,००० आणि सात आले तर ५५,०००. दर गाडीत चार जण आणि त्यातली एक जागा मेंटॉरची, म्हणून सात ही कमाल संख्या. गाड्या ठासून भरल्या तर अकरा जण मावतील आणि शिल्लक १,५५,००० होईल. मोह इथेच पडतो, आणि मेंटॉरची पारख करायची तीही इथेच. सहा जणांच्या जिप्सीत मधल्या माणसाच्या वाट्याला शेजाऱ्याचे कोपर येते. त्याच्याकडून फोटो टूरचे पैसे घेणे सरळ चुकीचे आहे.

वरची शिल्लक म्हणजे चार दिवसांची कमाई असेही समजू नये. आधीची पाहणी, जाहिरात, लेन्सची झीज आणि न भरलेल्या बॅचचा फटका त्यातूनच भरून काढायचा असतो. परवान्यावर प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्र लागते, म्हणून पैसे कित्येक आठवडे आधी गुंततात. ऐनवेळी कुणी गळाले तर ती सीट बहुधा वाया जाते. ॲडव्हान्स परत न करण्याची अट कठोर वाटते ती यामुळे.

हंगामही धंद्याला बांधून ठेवतो. ताडोबाचा कोअर म्हणजे गाभ्याचा भाग पावसाळ्यात बंद असतो आणि एरवीही मंगळवारी सुटी. वाघ पाणवठ्यावर हमखास येण्याचे दिवस एप्रिल-मेचे, म्हणजे चंद्रपुरात पारा पंचेचाळिशीच्या घरात असतानाचे. मग पावसाळ्यात काय करायचे? याचे उत्तर सिंधुदुर्गातल्या आंबोलीने दिले. मुसळधार पावसात, टॉर्चच्या उजेडात बेडूक आणि चापडा साप अगदी जवळून टिपण्याच्या मॅक्रो कार्यशाळा तिथे भरतात. जिप्सी लागत नाही, त्यामुळे ठरलेला खर्च कमी. पण शिकवायला कस लागतो, कारण फ्लॅशचा उजेड पसरवणे आणि अचूक फोकस या गोष्टी हातात हात घेऊनच शिकवाव्या लागतात.

परदेशी टूरमध्ये जोखीम वेगळी. मसाई मारात अनिवासी पर्यटकाचे प्रवेशशुल्क २०२४ पासून जानेवारी ते जूनमध्ये दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबरमध्ये २०० डॉलर आहे. विल्डबीस्ट या गवतावर चरणाऱ्या प्राण्यांचे कळप नदी ओलांडतात तो काळ या महागड्या सहामाहीत येतो. पाच दिवसांचे नुसते शुल्कच १,००० डॉलर. रुपयात आधी घेतलेले पैसे डॉलरमध्ये नंतर फेडताना दर चढला तर भार संयोजकावर पडतो. शिवाय परदेशी सहलीच्या पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच कापायचा कर, गोळा करावा लागतो. प्रवाशाला तो आयकरात वळता करून घेता येतो, पण तोवर पैसा अडकतोच.

स्थानिकांच्या हाती किती पडते, हा या व्यवसायातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ताडोबात गाईड सोबत घेणे बंधनकारक असते आणि ते आसपासच्या गावांतलेच असतात. सांबराचा कॉल म्हणजे धोक्याची हाक कुठून आली, पगमार्क म्हणजे पावलाचा ठसा सकाळचा की रात्रीचा, हे त्यांना कळते. मेंटॉरचे नाव त्यांच्या डोळ्यांवर मोठे होते. त्यांचे मानधन ठरावीक असते, वरची बक्षिसी मात्र साइटिंगवर, म्हणजे वाघ दिसण्यावर, हलते, आणि म्हणूनच गाडी वाघाच्या फार जवळ नेण्याचा दबाव त्यांच्यावर व चालकावर येतो. बक्षिसीची रक्कम वाघ दिसो वा न दिसो आधीच ठरवून टाकणारे मेंटॉर हा दबाव खरोखर कमी करतात. आंबोलीत दबाव बेडकांवर येतो: बेडूक उचलून हव्या त्या पानावर ठेवायचा आणि सगळ्यांनी ओळीने फ्लॅश मारायचा. एका बॅचमध्ये माणसे जितकी जास्त, तितका हा प्रकार वाढतो.

उजनी धरणाच्या फुगवट्यावरचे भिगवण-कुंभारगाव हे या सगळ्यांत स्वस्त. पुण्याहून सुमारे १०० किलोमीटर, पहाटे निघून दुपारी परत, त्यामुळे मुक्कामाचाही खर्च नाही. नवशिक्यांच्या पहिल्या बॅचेस बहुधा इथेच होतात. भाडे माणसामागे नव्हे, नावेमागे ठरते, म्हणून नाव भरण्याचा मोह इथेही आहेच. नाव चालवणारे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे. हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात तेव्हा जाळ्याच्या जोडीला हे उत्पन्न मिळते. थव्यापासून किती अंतरावर इंजिन बंद करायचे, हे ठरवणारे तेच.