खानदेशातील लांडगा : ओळख, खुणा आणि खरी माहिती

खानदेशच्या माळांवर वावरणारा लांडगा हा भारतीय लांडगा या उपजातीचा असून त्याचे शास्त्रीय नाव कॅनिस ल्युपस पॅलिपीस असे आहे. मुंबई सरकारच्या सेवेत असलेल्या कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३१ साली दख्खनमधील लांडग्यावरून या उपजातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. लांडग्याबद्दल गावोगाव खूप बोलले जाते, पण त्यातले बरेचसे कोल्हा, तरस किंवा मोकाट कुत्र्यांचे असते. म्हणून प्राण्याच्या वर्णनाबरोबर त्याची माहिती कशी पारखावी आणि दुसऱ्याला कशी सांगावी, हेही या नोंदीत दिले आहे.

लांडगा घनदाट जंगलात राहतो हा सर्वांत मोठा गैरसमज. खानदेशच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये तापीची केळी-कपाशीची काळी जमीन. लांडग्याला यातले फारसे काही लागत नाही. त्याला लागते ती बरड जमीन : मुरमाड टेकाडे, गायराने, कुसळीचे गवत, तरवड आणि हिवराची झुडपे, कोरडे नाले. पांझरा, बोरी आणि गिरणेच्या खोऱ्यांत धुळे, साक्री, शिंदखेडा, पारोळा, चाळीसगाव या तालुक्यांकडे असे माळ आहेत. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे लळिंगचे कुरण पाहिले की ही भूमी कशी असते ते लगेच कळते. यावल, अनेर धरण आणि गौताळा ही अभयारण्ये प्रामुख्याने डोंगर आणि झाडीची आहेत. उघडा माळ राखण्याकडे मात्र फार कमी लक्ष गेले आहे, आणि ही उणीव लहान नाही.

पूर्ण वाढलेला नर साधारण २० ते २५ किलो भरतो, मादी थोडी हलकी असते. पाय लांब, अंग सडपातळ, रंग वाळलेल्या गवतासारखा पिवळट-करडा, पाठीवर काळसर केसांची झाक. कान उभे असतात. शेपूट झुपकेदार, टोकाला काळी. चालताना ती खाली लोंबते, कुत्र्यासारखी वर वळत नाही. कोल्हा यापेक्षा बराच लहान, दहा किलोंच्या आसपास. तिन्हीसांजेला शेताच्या कडेने ऐकू येणारी कोल्हेकुई त्याचीच. भारतीय लांडगा उत्तरेकडच्या लांडग्यांच्या मानाने कमी ओरडतो. तरसाची पाठ मागे उतरती, अंगावर उभे काळे पट्टे, मानेवर आयाळ. दिवसा शांतपणे पाहिले तर या तिघांत गोंधळ व्हायचे कारण नाही. पण पाहणे होते ते बहुतेक रात्री, मोटारसायकलच्या उजेडात, तेही दोन सेकंद, आणि सकाळी गावात पोहोचते ती लांडग्याचीच बातमी.

म्हणून पावलांकडे पाहावे. पहाटे नाल्याच्या वाळूत किंवा बैलगाडीच्या वाटेवरच्या फुफाट्यात ठसे स्वच्छ उठतात. लांडग्याचा ठसा कुत्र्याच्या ठशासारखाच, नखांसह चार बोटांचा, पण लांबट असतो आणि मधली दोन बोटे पुढे आलेली दिसतात. एका ठशावरून मोठ्या कुत्र्याचा आणि लांडग्याचा फरक जाणकारालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. ठशांची ओळ पाहिली तर बरेच कळते. लांडगा बांधल्या दोरीसारखा सरळ जातो, मागचा पाय पुष्कळदा पुढच्याच ठशावर पडतो. कुत्रे मात्र इकडे हुंगत, तिकडे वळत, परत फिरत जाते. बिबट्याच्या ठशात नखे उमटत नाहीत, तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. लांडग्याची विष्ठा वाटांच्या फाट्यावर सापडते, तिच्यात केस आणि हाडांचे बारीक तुकडे असतात. फोटो काढताना ठशाशेजारी आगपेटी किंवा नाणे ठेवावे, नाहीतर आकार कळत नाही आणि तो फोटो कुणाच्याच कामाचा राहत नाही.

पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास लांडग्यांचा जोडा जमतो. साधारण दोन महिन्यांनी, हिवाळ्यात पिल्ले होतात. त्यासाठी मादी नाल्याच्या दरडीत किंवा टेकाडाच्या उतारावर बीळ करते. पुष्कळदा साळिंदराचे किंवा खोकडाचे जुने बीळच मोठे करून घेते. कळप म्हणजे प्रत्यक्षात एक कुटुंब असते : जोडा, यंदाची पिल्ले आणि आदल्या वर्षीची मोठी झालेली पोरे. आईबरोबर बाप आणि ही थोरली भावंडेही पिल्लांना भरवतात. एका कळपाचा वावर दीडशे-दोनशे चौरस किलोमीटरपर्यंत पसरू शकतो, म्हणजे तेच पाच लांडगे आठवड्याभरात दहा गावांच्या शिवारांत दिसतात. प्रत्येक गावाने आपले पाच मोजले की बेरीज पन्नास होते. संख्येच्या अफवा बहुधा अशाच जन्माला येतात.

ससे, उंदीर, घुशी, जिथे उरला आहे तिथे चिंकारा, हे लांडग्याचे नैसर्गिक खाद्य. माळावर ते कमी झाले की भार शेळ्या-मेंढ्यांवर येतो. धुळे आणि नंदुरबारकडचे ठेलारी व इतर धनगर मेंढपाळ वर्षातले बरेच महिने कळपांसह फिरतीवर असतात, कापणी झालेल्या शेतांत मेंढ्या बसवतात आणि रात्री वाघर (मेंढ्यांभोवतीचे जाळे) लावून, कुत्री सोडून राखण करतात. लांडगा कोणत्या नाल्यातून येतो, कोणत्या महिन्यात धीट होतो, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. या प्राण्याची माहिती गोळा करणाऱ्याने आधी मेंढपाळांच्या वाड्यावर, म्हणजे तळावर, जाऊन बसावे, असे निःसंकोच सांगता येईल. नुकसानही त्यांचेच होते, आणि ते खरे असते. एका रात्रीत लांडग्याने लागेल त्याहून जास्त मेंढ्या मारल्याचेही घडते. हे लपवून लांडग्याची बाजू घेणाऱ्याचे मेंढपाळाने का ऐकावे?

हल्ला कुणी केला हे मेलेले जनावरच सांगते. लांडगा साधारणपणे शेळी-मेंढीचा गळा धरतो आणि जमले तर शिकार ओढून नेऊन पोटाकडून, मांड्यांकडून खातो. मोकाट कुत्र्यांनी घातलेल्या धाडीत बऱ्याचदा अनेक जनावरे जखमी, मागचे पाय आणि कान फाडलेले, पण खाल्लेले थोडे, असे दृश्य असते. बिबट्याच्या सुळ्यांच्या खुणा गळ्यावर खोल आणि मोजक्या दिसतात. महाराष्ट्रात वन्यप्राण्यांनी पशुधन मारल्यास भरपाई मिळते आणि त्या प्राण्यांच्या यादीत लांडगाही आहे. त्यासाठी ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवावे लागते आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर हलवायचे नसते. वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. फिरतीवरच्या मेंढपाळाला ही माहिती वेळेत मिळणे हा लांडगा वाचवण्याच्या कामाचाच भाग आहे. भरपाईची वाट ठाऊक नसेल तर मेलेल्या मेंढीवर विष टाकण्याचा मोह होतो, आणि त्या विषाने तरस, गिधाडे, गावची कुत्रीही मरतात.

माणसांवरील हल्ल्यांबद्दल नेमके बोलायला हवे. उत्तर प्रदेशात बहराइच जिल्ह्यात २०२४ साली लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली, १९९६ च्या सुमारास त्या राज्याच्या पूर्व भागातही असे घडले होते. लांडगा माणसाला कधीच काही करत नाही असे सांगणे म्हणूनच चूक आहे. पण असे प्रसंग विरळा असतात; एरवी निरोगी लांडगा माणूस दिसला की वाट बदलतो. एकाच रात्री वाटेत येईल त्याला चावत सुटलेला एकटा लांडगा बहुधा रेबीज झालेला असतो. तशी चावाचावी झाल्यास जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस व जखमेत द्यावयाचे सीरम घ्यावे. चावणारा प्राणी लांडगा होता की कुत्रा, हे ठरेपर्यंत थांबू नये.

इंग्रजी अमदानीत लांडगा मारून आणणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभर सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, संरक्षण दिले आहे. २०२२ च्या गणनेनुसार देशात सरासरी ३,६८२ वाघ होते. भारतीय लांडगे तीन हजारांच्या आसपास असावेत असे अभ्यासक मानतात. जनुकीय अभ्यासांतून हा लांडगा जगातील लांडग्यांच्या अतिशय जुन्या शाखांपैकी एक असल्याचे दिसले आहे. इतका दुर्मीळ प्राणी आपल्या गावाच्या गायरानात राहतो, हे खानदेशातल्या शाळांतून शिकवले जायला हवे.

सरकारदरबारी माळाची नोंद बहुधा पडीक अशी असते, म्हणून नांगरणी, वृक्षलागवडीचे खड्डे, खाणी, पवनचक्क्या आणि सौर पट्ट्या हे सारे तिथेच येते. दुसरा धोका मोकाट कुत्र्यांचा. त्यांच्याकडून रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग) पसरतात, आणि संकरही होतो. पुण्याजवळच्या माळावर लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झाला आहे.

लांडगा दिसल्याची नोंद ठेवताना तारीख, वेळ, शिवाराचे नाव, किती जनावरे, काय करत होती आणि किती अंतरावरून पाहिली, एवढे लिहावे. प्राणी ओळखला नसेल तर तसेच लिहावे. अशी नोंदही उपयोगी पडते. फिरत आलेल्या व्हिडिओत मागची झाडे, बोली, घरांची ठेवण पाहिली तर तो खानदेशचा आहे की नाही याचा अंदाज येतो. येत नसेल तर तो पुढे पाठवू नये. बिळाचे ठिकाण मात्र कुणालाही सांगू नये, फोटोतले लोकेशन काढून टाकावे. माणसांची ये-जा वाढली की मादी पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे हलवते आणि या धावपळीत काही पिल्ले दगावतात. बिळाबाहेर एकटे दिसलेले पिल्लू पोरके समजून घरी आणणे हा कायद्याने गुन्हा आहे. त्याचे आईबाप बहुधा जवळच्याच झुडपात, माणूस जाण्याची वाट पाहत असतात.