नाताळचा गोठा

नाताळचा गोठा : नाताळच्या दिवसांत घरात, अंगणात, चर्चमध्ये किंवा चौकात मांडला जाणारा येशूजन्माचा लहान देखावा. माती, दगड, पेंढा, उगवलेले धान्य आणि बोटभर ते वीतभर उंचीच्या मूर्ती यांतून त्यात बेथलेहेम उभे केले जाते. कॅथलिक समाजांत ही प्रथा विशेष रुजलेली आहे. गोवा, वसई आणि मुंबईची गावठाणे येथे ‘क्रिब’ हा शब्दही सर्रास चालतो.

या देखाव्याला धर्मग्रंथातला आधार मोजक्या ओळींचा आहे. लूककृत शुभवर्तमानाप्रमाणे उतारशाळेत जागा नसल्याने मरियेने बाळाला गव्हाणीत ठेवले आणि रानात कळप राखणारे मेंढपाळ त्याला पाहायला आले. बैल आणि गाढव या वृत्तांतात नाहीत. धन्याची गव्हाण ओळखणाऱ्या या दोन जनावरांचा उल्लेख जुन्या करारात यशयाच्या ग्रंथात आहे, तिथून ती गोठ्यात आली. पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी ज्योतिषी, मत्तयाच्या शुभवर्तमानातले. त्यांची संख्या त्याने दिलेली नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून ते तीन राजे ठरले. मूळ कथेने एवढी जागा मोकळी सोडली, आणि ती भरताना प्रत्येक मुलखाने आपलेच गाव तिथे मांडले. गोठ्याचे खरे वैभव यातच आहे.

प्रथेचा उगम 1223 साली असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो या डोंगरगावात साजऱ्या केलेल्या नाताळशी जोडला जातो. त्याने गव्हाण, वाळलेले गवत, जिवंत बैल आणि गाढव आणवले. मशाली आणि मेणबत्त्या घेऊन गावकरी जमले आणि गव्हाणीपाशीच मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, झाली. फ्रान्सिसचा चरित्रकार तोमासो चेलानो याने हे वर्णन लिहून ठेवले आहे. जन्मदृश्याची चित्रे आणि शिल्पे त्याआधीही होती. गरिबीत झालेला जन्म लोकांनी डोळ्यांनी पाहावा, ही ओढ मात्र फ्रान्सिसची. त्याच शतकाच्या अखेरीस आर्नोल्फो दि काम्बिओने घडवलेल्या संगमरवरी मूर्ती रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये आहेत. आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या संचांत त्यांची गणना होते.

अठराव्या शतकात नेपल्समध्ये या कलेने कळस गाठला. राजा चार्ल्स बुर्बाँ स्वतः तिचा शौकीन होता, आणि सरदारांत चढाओढ लागली. मूर्तीचे डोके भाजलेल्या मातीचे, डोळे काचेचे, हातपाय लाकडाचे आणि धड तारेवर ताग गुंडाळून केलेले असे. त्यामुळे तिला हवी तशी वळवता येई. वर खरे रेशीम शिवले जाई. बुचाच्या सालीचे डोंगर, पडक्या रोमन देवळाचे खांब, खानावळ, मासळीवाला, फळांच्या टोपल्या, वादक, भिकारी अशा गर्दीत येशू, मरिया आणि योसेफ हे पवित्र कुटुंब शोधावे लागते. याच शहरातल्या सान ग्रेगोरियो अर्मेनो या अरुंद गल्लीत आजही गोठ्यांच्या कारागिरांची दुकाने आहेत. मिकेले कुचिनिएल्लो याने 1879 मध्ये दिलेल्या संग्रहातून मांडलेला भव्य देखावा सान मार्तिनोच्या संग्रहालयात पाहता येतो.

फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातला गोठा साधा आणि जास्त जवळचा वाटतो. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्च बंद पडली आणि देखावा घरांत शिरला. मार्सेच्या झाँ-लुई लान्येल (1764–1822) याने प्लास्टरच्या साच्यांतून स्वस्त मातीच्या मूर्ती काढायला सुरुवात केली. त्यांना सांतों म्हणतात. धार लावणारा, पिठाच्या गिरणीवाला, कोळीण, गावचा महापौर असे सगळे शेजारी आपापली भेट घेऊन बाळाकडे निघालेले असतात. मार्सेत त्यांची जत्रा 1803 पासून भरते. 4 डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, तीन बशांत गहू पेरतात. तो नाताळपर्यंत हिरवागार वाढला की पुढचे वर्ष भरभराटीचे जाईल अशी श्रद्धा आहे.

धान्य उगवण्याची ही रीत गोव्यातही आहे, आणि तिथे धान्य असते नाचणी. रात्रभर भिजवलेली नाचणी परातीत किंवा ट्रेमध्ये पातळ मातीवर दाट पसरतात आणि पाणी शिंपडून ओलसर ठेवतात. दहा-बारा दिवसांत तिची मऊ हिरवळ होते आणि तीच बेथलेहेमचे कुरण बनते. अंधारात ठेवल्यास रोप पिवळे आणि लांबट होते, म्हणून कोंब दिसताच उजेड द्यावा. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरलेल्या मुलांना हे वेगळे शिकवावे लागत नाही.

भातकापणी नुकतीच झालेली असल्याने छपराला पेंढा मिळतो. बांबू आणि माडाच्या झावळ्या सांगाड्याला येतात. चुरगळून रंगवलेल्या जाड कागदाचा डोंगर होतो, आरशाच्या तुकड्याचे तळे होते. मोठ्या मूर्ती पुढे आणि लहान मागे ठेवल्या की हातभर जागेतही लांबवरचा रस्ता भासतो. वर बांबू आणि कागदाची चांदणी, गोव्यातले ‘नखेत्र’, टांगतात. कोरड्या पेंढ्याजवळ तापणारे बल्ब किंवा मेणबत्ती मुळीच नको; एलईडी माळ बरी. बाजारात प्लास्टिकचे तयार संच मिळतात आणि वेळ नसलेल्या घरांची सोय होते. पण हाताने पेरलेले कुरण त्यात नसते, आणि मुलांना रोज पाणी घालायला लावणारे तेच असते.

जिथे परंपरा काटेकोर पाळतात तिथे 24 डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिकामी राहते आणि मग बाळाची मूर्ती ठेवतात. तीन राजे लांब उभे करून दररोज थोडे पुढे सरकवतात. ते 6 जानेवारीला पोहोचतात. गोव्यात हा दिवस रेईश मागुश, कासावली आणि चांदर येथे मोठ्या उत्साहाने साजरा होतो. राजांच्या वेशातली मुले मिरवत चर्चला जातात. बहुतेक घरांतला गोठा यानंतर आवरला जातो. प्रोव्हान्समध्ये तो 2 फेब्रुवारीपर्यंत ठेवतात.