मैफलीचा पियानोवादक

पाश्चात्त्य अभिजात संगीतात एकल वादन, वाद्यवृंदासह कंचेर्टो आणि मोजक्या वादकांचे चेंबर संगीत या तिन्ही प्रकारांत व्यासपीठावर वादन करणारा व्यावसायिक कलावंत. एकल वादक आणि चेंबर वादक हे दोन वेगळे व्यवसाय मानण्याची प्रथा बरीच अलीकडची आहे. बेथोव्हनने स्वतःच्या कृतींना क्रमांक देताना पहिला क्रमांक दिला तो १७९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन पियानो-त्रयींना (पियानो, व्हायोलिन व चेलो या तीन वाद्यांसाठीच्या रचनांना), आणि त्यांतला पियानो तो स्वतः वाजवत असे.

संपूर्ण कार्यक्रम एकट्याने वाजवण्याचा प्रघात कोणी पाडला, याविषयी मतभेद आहेत. इग्नाझ मोशेलेस याने १८३७ मध्ये लंडनमध्ये पियानोवादनाच्या सभा भरवल्या. मात्र त्यांत अधूनमधून गायनही असे. फ्रान्झ लिस्टने १८३९ मध्ये रोममध्ये कोणाच्याही साथीविना कार्यक्रम केले आणि ९ जून १८४० रोजी लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअर रूम्समध्ये ‘रिसायटल’ या नावाने वादन केले. त्यामुळे श्रेय लिस्टकडे जाते, आणि ते योग्यच वाटते. तथापि, लिस्टने १८४७ मध्ये, वयाच्या पस्तिशीतच, व्यावसायिक दौरे थांबवले. दीर्घ कारकिर्दीचा नमुना पाहायचा तर क्लारा शूमान (१८१९–९६) हिच्याकडेच वळावे लागते. १८२८ मध्ये लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये तिने प्रथम वादन केले आणि १८९१ पर्यंत ती जाहीरपणे वाजवत राहिली. व्हायोलिनवादक योआखिम याच्याबरोबरचे तिचे चेंबर वादन एकल वादनाइतकेच नावाजले गेले. स्वरलिपी समोर न ठेवता वाजवण्याची प्रथाही मुख्यत्वे तिच्या आणि लिस्टच्या उदाहरणाने रुजली असावी. चेंबर वादनात मात्र पियानोवादक आजही सहसा स्वरलिपी समोर ठेवूनच बसतो. त्याच्या प्रतीत इतर वाद्यांच्या ओळीही छापलेल्या असतात.

चेंबर वादनातील खरी अडचण नादाच्या तोलाची आहे. हायडनच्या त्रयींत चेलो बहुधा पियानोच्या खर्जाच्या ओळीलाच दुजोरा देतो. तत्कालीन फोर्टेपियानोचा (पियानोच्या जुन्या रूपाचा) खर्ज लवकर विरत असल्याने ही योजना केली असावी, असे मानले जाते. आजच्या ग्रँड पियानोत पोलादी तारा आणि ओतीव लोखंडी चौकट असते. तोच खर्ज आता चेलोला सहज झाकून टाकतो. म्हणून वादक डाव्या हाताचे वजन कमी करतो, पेडल तोकडे घेतो, काही वेळा झाकणही अर्धेच उघडतो. सुरांचाही प्रश्न असतो. पियानोचे स्वर समविभाजित (सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेले) आणि अचल. व्हायोलिन व चेलो ‘ए’ स्वर त्याच्याकडून घेतात, पण बोटाने सूर किंचित सरकवू शकतात. पियानोवादकाला ते साधत नाही. त्याच्या हाती उरतात आघाताचे वजन आणि वेळ. व्हायोलिनचा गज तारेला कधी टेकतो हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत तो आपला आघात क्षणभर रोखतो. ही सवय एकट्याने सराव करून येत नाही.

विसाव्या शतकात स्पर्धा हा कारकिर्दीचा प्रमुख दरवाजा ठरला : वॉर्सा येथील शोपँ स्पर्धा १९२७ पासून, मॉस्कोची चायकोव्हस्की स्पर्धा १९५८ पासून. त्यांचा भर मुख्यतः एकल वादन व कंचेर्टोवर राहिला. तेल अवीवच्या आर्थर रुबिनस्टाइन स्पर्धेत मात्र चेंबर संगीताचीही फेरी असते. पियानोवादक मेनाहेम प्रेस्लर (१९२३–२०२३) यांनी १९५५ ते २००८ बोझार त्रयी या तीन वादकांच्या चेंबर संचात वादन केले. बर्लिन फिल्हार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर त्यांचे पहिले वादन झाले ते २०१४ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी.